अमळनेरला घर अन् दुकानाची वायरिंग लायसनवाल्या ठेकेदाराकडून नव्याने करून घेतली, त्याचा पूर्ण अनुभव

आधी निकाल सांगतो, पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते पुढे येईलच. ठेकेदाराचं नाव मात्र टाकत नाही, त्यांनीच हात जोडून सांगितलं की भाऊ नाव टाकू नका, माणसं दोनच आहेत अन् पोळ्यापर्यंतची कामं अंगावर आहेत. धुळ्याकडचे आहेत, पन्नाशीच्या पुढचे, आम्ही सगळे त्यांना आप्पा म्हणायला लागलो म्हणून इथेही आप्पाच लिहितो.

हे सगळं सुरू झालं कूलरपासून. आमच्याकडे खाली बियाण्या-खतांचं दुकान अन् वर घर, २०१९ ला बांधलं. खानदेशातला उन्हाळा माहितीये सगळ्यांना, ४४-४५ च्या खाली पारा येत नाही अन् प्रत्येक घरात पत्र्याच्या बॉडीचा कूलर असतोच. मागच्या वैशाखात दुपारी आई बादलीने कूलरमध्ये पाणी टाकत होती, अनवाणी, फरशी ओली, अन् एकदम ओरडली. मी खाली दुकानात होतो, धावत वर गेलो तर ती भिंतीला टेकून बसलेली, हात थरथरत होता अन् म्हणे हाऊ कूलर माले झटका देस रे भो, चार दिनपासून देस. चार दिवसांपासून! तिने आधी सांगितलंच नाही कारण तिला वाटलं की थोडं तर सगळेच कूलर मारतात. अन् खरंच आपल्याकडे सगळे असंच म्हणतात, कूलर थोडा मारतोच, चप्पल घालून हात लावायचा. मी पण कित्येकदा म्हटलंय. त्या दिवशी टेस्टर लावला तर बॉडीवर लख्ख पेटला, अन् माझ्या पोटात गोळा आला कारण माझी तीन वर्षांची पोरगी दिवसभर त्याच कूलरसमोर खेळते.

माझा पहिला प्रश्न होता की एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडतो तो स्विच, का पडला नाही. नवीन घर, चांगल्या कंपनीचे एमसीबी, मग उपयोग काय. हे मला नंतर आप्पांनी समजावलं अन् ते प्रत्येकाला कळायला पाहिजे म्हणून इथेच लिहितो. एमसीबी वायरला वाचवतो, माणसाला नाही. १६ अँपिअरचा एमसीबी १६ च्या वर बराच करंट गेला तरच पडणार, अन् माणसाचा जीव जायला त्याच्या शंभराव्या भागाइतका करंट पण खूप होतो. माणसासाठी वेगळी वस्तू असते, आरसीसीबी, जुने लोक ईएलसीबी म्हणतात, ती फेजमधून गेलेला करंट अन् न्यूट्रलमधून परत आलेला करंट सतत ताडून बघते, ३० मिलिअँपिअरचा फरक आला की तोडून टाकते. आमच्या घरात ती नव्हतीच.

तर मी आधी आमच्या नेहमीच्या पोराला बोलावलं, ज्याने २०१९ ला वायरिंग केलेली. पोरगा चांगला आहे, हात साफ आहे, बोर्ड असा बसवतो की रेषेत. पण त्याने काय केलं तर कूलरच्या प्लगमधल्या दोन वायरींची अदलाबदल करून लावल्या अन् म्हणे आता नाही मारणार. त्या वेळी खरंच टेस्टर पेटला नाही. पण माझं मन मानेना. मी विचारलं अर्थिंग आहे ना आपल्या घराला? म्हणे आहे ना, मागे रॉड ठोकलाय. किती आहे, मोजलंय का? तर म्हणे अर्थिंग कुठे मोजतात का भाऊ.

त्या रात्री मी मीटरची जुनी फाइल काढली. नवीन कनेक्शनला महावितरणला अर्जासोबत टेस्ट रिपोर्ट लागतो, लायसन असलेल्या इलेक्ट्रिकल ठेकेदाराच्या सहीचा, की या घराची वायरिंग आम्ही तपासली अन् ती बरोबर आहे. त्याची झेरॉक्स माझ्याकडे होती. त्यावर इन्सुलेशनचा आकडा लिहिलेला, अर्थिंगचा आकडा लिहिलेला, शिक्का, सही, सगळं. अन् माझ्या घरी त्या सहीचा माणूस कधी आलाच नव्हता. मला आठवलं की पोराने सांगितलं होतं ५०० रुपये लागतील सहीचे, अन् मी दिले. मी स्वतः दिले. मला तेव्हा वाटलं की हे पण ऑफिसच्या इतर कागदांसारखंच एक कागद आहे. त्या कागदाचा अर्थ असा होता की कोणीतरी मशीन लावून माझं घर तपासायचं होतं अन् मी ५०० रुपये देऊन ते तपासणं टाळलं, हे कळलं तेव्हा फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

मग ठरवलं की आता लायसनवालाच आणायचा, अन् जो स्वतः घरी येऊन मोजेल तोच. शोधायला तीन आठवडे गेले. दोघांनी फोनवरच विचारलं सही पाहिजे का काम पाहिजे. तिसरे आप्पा, त्यांनी विचारलं घरात लहान पोरं किती, मोटर आहे का, इन्व्हर्टर आहे का, कूलर किती. मला तिथेच बरं वाटलं.

आले तेव्हा मी थोडं घाबरतच लायसन दाखवायला सांगितलं, वाटलं रागावतील. उलट खूश झाले, म्हणे २६ वर्षांत विचारणारे तुम्ही चौथे का पाचवे. त्यांनी मोबाइलमध्ये नाही, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ओरिजिनल आणलेलं. अन् मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की लायसन म्हणजे एक कागद नसतो, तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात. खाली तारतंत्री, म्हणजे वायरमनचा परवाना, जो प्रत्यक्ष हाताने काम करतो त्याच्याकडे पाहिजे, आयटीआय केलेल्या पोरांना तो मिळतो अन् ज्यांनी आयटीआय केलं नाही पण लायसनवाल्याच्या हाताखाली रीतसर काम केलंय त्यांच्यासाठी परीक्षा असते. त्याच्या वर पर्यवेक्षक, सुपरवायझर, ज्याच्या देखरेखीखाली काम झालं पाहिजे, त्याचं वेगळं सर्टिफिकेट, इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा डिग्री वाले बहुतेक त्या वाटेने जातात. अन् सगळ्यांत वर ठेकेदाराचं लायसन, त्यासाठी सुपरवायझर अन् वायरमन कामावर पाहिजेत अन् स्वतःची मोजायची यंत्रं पाहिजेत, मेगर, अर्थ टेस्टर वगैरे. हे सगळं देतं राज्य सरकारचं विद्युत निरीक्षकांचं खातं, महावितरण नाही. मला कायम वाटायचं की हे एमएसईबीवालेच देतात.

आप्पा स्वतः सुपरवायझर आहेत, डिप्लोमावाले, अन् सोबत जो पोरगा आला त्याच्या खिशात तारतंत्रीचं परमिट होतं, फोटोवालं. मुदत पण दाखवली. हे मुदतीचं लक्षात ठेवा, लायसनला तारीख असते अन् ते रिन्यू करावं लागतं, भिंतीवर फ्रेम करून लावलेलं बघून खूश होऊ नका, तारीख वाचा.

हा नियम नवा पण नाही. १९५६ च्या इंडियन इलेक्ट्रिसिटी रूल्समध्ये ४५ नंबरचा नियम होता, नंतर केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०१० चे सुरक्षा विनियम आले, आता २०२३ चे आहेत, सगळीकडे गोष्ट तीच. तुमच्या घरात बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच असली बदलाबदल, जिच्याने लोड किंवा वायरिंगचं रूप बदलत नाही, ती कोणीही करू शकतो. बाकी नवीन वायरिंग, वाढीव पॉइंट, दुरुस्ती, हे सगळं लायसन असलेल्या ठेकेदाराने, सुपरवायझरच्या देखरेखीत अन् परमिटवाल्या माणसाच्या हातूनच व्हायला पाहिजे. म्हणजे एसीसाठी नवीन लाइन ओढली तरी तो नियम लागतो. अन् आपल्याकडे एसीची लाइन कोण ओढतो तर एसी बसवायला आलेला माणूस.

आता काम. पहिल्या दिवशी त्यांनी एकही भिंत फोडली नाही, फक्त मोजलं. घरातली सगळी उपकरणं काढायला लावली, फ्रिज टीव्ही चार्जर बल्ब सगळे, मग मेन बंद करून मेगर लावला. मेगर म्हणजे ५०० व्होल्ट डीसी सोडून बघतात की वायरवरचं प्लास्टिक किती धरून आहे. नियमाप्रमाणे किमान १ मेगाओहम पाहिजे. आमच्या हॉलचं अन् बेडरूमचं सर्किट चांगलं निघालं, दुकानाचं बरं होतं, पण किचन-बाथरूमचं आलं ०.२. गीझरच्या मागे वायर पाण्याच्या पाइपला चिकटून गेलेली अन् जोड काळ्या टेपचा, आत ओल. सहा वर्षं आम्ही त्याखाली आंघोळ केली.

अर्थिंगची गोष्ट तर अजून पुढची. मागच्या बाजूला रॉड होता हे खरं, पण त्याच्यावरून आलेली हिरवी वायर डीबीपर्यंत, म्हणजे एमसीबीच्या पेटीपर्यंत, आलेली अन् डीबीत नुसती वळवून ठेवलेली, कुठे जोडलेलीच नव्हती. म्हणजे घरातल्या प्रत्येक थ्री पिनचं वरचं मोठं भोक, जिथून बॉडीतली वीज जमिनीत जायला पाहिजे, ते फक्त भोक होतं. अन् रॉड पण मोजला, अर्थ टेस्टरने, शेजारच्या रिकाम्या प्लॉटमध्ये दोन खिळ्यांसारखे स्पाइक ठोकून लांब वायरी नेऊन. आला ७० ओहमच्या वर. आप्पा म्हणे काळी माती आहे, पावसाळ्यात मोजलं असतं तर बरा आकडा आला असता अन् तुम्ही फसला असता, वैशाखात ही माती भेगाळते, रॉडपासून सुटते, मग रॉड नुसता हवेत उभा असल्यासारखा. म्हणून आपल्या भागात अर्थिंग उन्हाळ्यात मोजायचं. हे वाक्य मी लिहून ठेवलं. तापीच्या पट्ट्यात सगळीकडे हीच माती आहे, म्हणजे हजारो घरांचं असंच असणार.

कूलर उघडला तर आतल्या पंपाची वायर पत्र्याच्या कडेला घासून उघडी पडलेली. अन् कूलरची केबलच दोन वायरची, त्याला थ्री पिन टॉप लावलेला. म्हणजे बॉडीला अर्थ जायला वाटच नाही. म्हणून पोराने प्लगमधल्या वायरी बदलल्या तेव्हा तात्पुरतं बरं वाटलं, पंपाची उघडी बाजू फेजवरून न्यूट्रलवर गेली एवढंच, फेज-न्यूट्रल उलटे असलेल्या दुसऱ्या बोर्डाला लावला असता तर परत मारला असता. तुमच्या घरी कूलर असेल तर आज जाऊन बघा केबलमध्ये वायरी किती आहेत, दोन असतील तर तीनची टाकून घ्या, आत बॉडीला स्क्रूने नीट कसून. ५-६ मीटर केबलचा खर्च तो काय.

आता ज्या भागासाठी मला हे खास लिहायचं होतं तो, कॅमेऱ्यांचा. आमच्या दुकानात चार सीसीटीव्ही आहेत, दोन वर्षांपूर्वी एकाने बसवले, तो पण माणूस वाईट नाही. त्याने कॅमेऱ्याच्या केबली कुठून नेल्या तर माझ्या लाइटच्याच पाइपमधून, फोडाफोड वाचावी म्हणून. म्हणजे २३० व्होल्टच्या फेज-न्यूट्रलला खेटून १२ व्होल्टची केबल. मला दोन वर्षं स्क्रीनवर आडव्या रेघा दिसत होत्या अन् मी डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारी पेटी, दोनदा बदलायला निघालो होतो, कारण ते होतं. पण रेघा ही छोटी गोष्ट. त्या पाइपात एका ठिकाणी वायर सोललेली निघाली. उद्या तिथे फेज कॅमेऱ्याच्या केबलला लागला असता तर १२ व्होल्टचं समजून आपण ज्याला बिनधास्त हात लावतो त्या सगळ्याला, डीव्हीआरच्या पत्र्याला, कॅमेऱ्याच्या खांबाला, २३० आला असता. बाहेरचा कॅमेरा लोखंडी शटरच्या चौकटीवर आहे. ते शटर मी रोज सकाळी दोन्ही हातांनी उचलतो.

मी म्हटलं आप्पा पण ते तर लो व्होल्टेज काम आहे ना, त्याला लायसन कशाला. तर ते म्हणे लो व्होल्टेज म्हणजे किती सांग. अन् मग त्यांनी जे सांगितलं त्यात मला तीन वेगळे अर्थ सापडले. आपल्या खानदेशात शेतकऱ्याला लो व्होल्टेज म्हणजे मोटर उचलत नाही ते, गुंगुं करते अन् वाइंडिंग जळते. कॅमेरेवाल्याला लो व्होल्टेज म्हणजे १२ अन् २४. अन् १९५६ च्या नियमांत लो व्होल्टेज म्हणजे २५० व्होल्टपर्यंत सगळं, म्हणजे आपल्या घरातली पूर्ण वीज! ६५० पर्यंत मीडियम, ३३ हजारापर्यंत हाय, त्याच्या वर एक्स्ट्रा हाय. जुने ठेकेदार अजून तसंच बोलतात. म्हणजे जी वीज माणूस मारते तिचं सरकारी नाव लो होतं. मला हे ऐकून अंगावर काटा आला, कारण मी स्वतः लोकांना सांगायचो की घरातली लाइन काय, लो व्होल्टेज असते.

माझा आतेभाऊ कॅलिफोर्नियात असतो, त्याला फोनवर हे सांगितलं तर म्हणे आमच्याकडे कॅमेरे, अलार्म, नेटवर्कची केबल असल्या कामाला वेगळं लायसनच आहे, सी-७ म्हणतात, लो व्होल्टेज सिस्टिम्सचं, ९१ व्होल्टच्या वरच्या कामाला त्या माणसाने हात लावायचा नाही, त्याला सी-१० चा इलेक्ट्रिकल ठेकेदार लागतो. फायर अलार्म पण सी-७ मध्ये बसत नाही. ते लायसन मिळायला चार वर्षांचा त्या कामाचा अनुभव दाखवायचा अन् दोन पेपर द्यायचे, एक कामाचा अन् एक कायदा-धंद्याचा, अन् २५ हजार डॉलरचा बॉण्ड ठेवायचा. त्याच्या घरी कॅमेरे बसवायला माणूस आला तेव्हा त्याने आधी लायसन देणाऱ्या बोर्डाच्या वेबसाइटवर नंबर टाकून बघितला की लायसन चालू आहे का. मला त्यात आवडलं ते हे की त्यांनी कॅमेरेवाल्याला हलकं धरलं नाही, त्याची हद्द पण आखून दिली. आपल्याकडे १२ व्होल्टच्या केबलीला कोणी लायसन विचारत नाही ते ठीक, पण तोच माणूस डीव्हीआरसाठी नवीन सॉकेट काढतो, मेनमधून फेज घेतो, स्लॅबमधल्या पाइपात हात घालतो, तिथे तो वायरमन झाला अन् परमिट पाहिजे. हद्द कुठे संपते हे त्यालाच कोणी सांगितलेलं नाही.

असो, कामावर येतो. काम सहा दिवस चाललं. किचन-बाथरूमची वायर पूर्ण नवीन, लाइटला दीड स्क्वेअर एमएमची, सॉकेटला अडीचची, गीझर अन् एसीला चारची, वेगवेगळ्या सर्किटवर. लाल फेज, काळा न्यूट्रल, हिरवी अर्थ, कुठेही रंग बदलला नाही, संपली म्हणून दुसऱ्या रंगाची ओढली असं नाही, एक दिवस हिरवी कमी पडली तर काम थांबवून आणायला गेले. कॅमेऱ्यांना बाहेरून वेगळी पट्टी. मागे मोरीच्या जवळ, जिथे कायम ओल राहते, नवीन अर्थिंगचा खड्डा, जीआय म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पाइप, कोळसा-मीठ, वरून पाणी टाकायला फनेल अन् झाकण. मोजून आलं ४ ओहम, मला मशीनवर दाखवलं, पोरीला पण दाखवलं. अन् मेनला आरसीसीबी ३० मिलिअँपिअरची.

आरसीसीबी लावली अन् सुरू केली तर पडली. परत लावली परत पडली. आईने तोंड वाकडं केलं की एवढे पैसे टाकून लाइटच राहत नाही. इथे दुसरा कोणी असता तर आरसीसीबी काढून ठेवली असती, मी ऐकलंय लोकांकडून, पडते म्हणून बायपास केली. आप्पा अडीच तास बसले. एक एक सर्किट बंद करून शोधलं, अन् निघालं काय तर इन्व्हर्टर. आधीच्या वायरिंगमध्ये इन्व्हर्टरच्या लाइनचा न्यूट्रल अन् मेनचा न्यूट्रल एका बोर्डात एकत्र पिळून टाकलेले, म्हणजे करंट जातो एका वाटेने अन् परत येतो दुसऱ्या वाटेने, आरसीसीबीला फरक दिसतो अन् ती पडते. ती बरोबरच करत होती. न्यूट्रल वेगळे केले अन् तेव्हापासून उगाच एकदाही पडली नाही. त्या अडीच तासांचे त्यांनी वेगळे पैसे लावले नाहीत, चहा घेतला फक्त.

दुपारी जेवायला थांबायचे, आईने शेवभाजी अन् कळण्याच्या भाकरी केल्या तेव्हा परमिटवाला पोरगा पहिल्यांदा बोलला. नंदुरबारकडचा आहे, तिथे आयटीआय केलं वायरमनचं, दोन वर्षांचं. म्हणे माझ्या बॅचचे निम्मे पोरं दुसऱ्याच धंद्यात गेले कारण परमिट असो नसो गिऱ्हाईक भाव एकच देतं. हे ऐकून मी गप्प झालो, कारण मी पण तेच गिऱ्हाईक होतो. आमच्या जुन्या पोराला मी मुद्दाम एक दिवस बोलावलं होतं, भांडायला नाही, बघायला. आप्पांनी त्याला एक शब्द वाईट बोलले नाहीत, मेगर हातात दिला अन् लावून बघ म्हटले. नऊ वर्षं वायरिंग करतोय पण मेगर पहिल्यांदा हातात धरला त्याने. त्यांनी त्याला सांगितलं की हात चांगला आहे तुझा, एखाद्या लायसनवाल्याकडे रीतसर नाव लावून राहा, दाखला घे, तारतंत्रीच्या परीक्षेला बस. तो म्हणे बघतो. अजून काही कळवलेलं नाही त्याने.

खर्च. सामान धरून सगळं मिळून ६८,४०० झाले, घर अन् दुकान दोन्ही. २०१९ ला पूर्ण वायरिंग याच्यापेक्षा थोड्याच जास्तीत झाली होती, म्हणजे स्वस्त नाही. मजुरी गावातल्या दरापेक्षा साधारण दीडपट पडली. माझ्या मोठ्या भावाचं म्हणणं की वेडा आहेस, सहीचे ५०० अन् आरसीसीबीचे २००० एवढ्यात झालं असतं. झालं नसतं, कारण अर्थच जोडलेला नव्हता अन् ०.२ मेगाओहम कोणी मोजलाच नसता.

आता अर्धा गुण का कापला. एक तर सांगितलेल्या तारखेच्या अकरा दिवस उशिरा आले, यात्रेचे दिवस होते, दुसरीकडचं काम लांबलं, मान्य, पण फोन उचलायला पाहिजे होता, दोन दिवस उचललाच नाही अन् आम्ही कूलर बंद ठेवून ४५ मध्ये बसलो होतो. दुसरं, भिंती फोडल्या त्या नीट बुजवून दिल्या नाहीत, म्हणे गवंडीकाम आमचं नाही, हे आधी सांगायला पाहिजे होतं, त्याचे मला वेगळे साडेचार हजार गेले. अन् बिल पक्कं मिळायला महिना लागला. डीबीवर कोणता एमसीबी कशाचा हे पेनने लिहून दिलंय, अक्षर आईला वाचता येत नाही, मी नंतर स्टिकर करून लावले.

पण शेवटच्या दिवशी जो टेस्ट रिपोर्ट दिला त्याच्यासाठी मी हे सगळं माफ करतो. प्रत्येक सर्किटचा मेगरचा वेगळा आकडा, मेगाओहममध्ये, कुठे १०० च्या वर, कुठे ४०, दुकानाच्या जुन्या सर्किटचा ६, तो ६ पण लपवला नाही, बाजूला लिहिलं की चालेल पण दोन वर्षांत बदला. खाली लायसन नंबर, सुपरवायझरचा नंबर, वायरमनचा परमिट नंबर, तारीख. जुना रिपोर्ट अन् हा शेजारी ठेवून बघितला तर जुन्यातले सगळे आकडे गोल आहेत. कोणी मोजलं नाही हे आकड्यांवरूनच कळतं.

ज्यांना काम करून घ्यायचंय त्यांना एवढंच विचारा म्हणतो, लायसनची तारीख बघू, हात लावणाऱ्याचं परमिट बघू, अन् मेगर सोबत आणला का. तिसऱ्या प्रश्नावर अर्धे लोक विषय बदलतात, माझा अनुभव आहे. अन् आरसीसीबीवर एक टेस्टचं छोटं बटण असतं ते महिन्यातून एकदा दाबून बघायचं, पडली पाहिजे, आमच्याकडे ते काम आता पोरीचं आहे, स्टुलावर चढवतो तिला.

पहिल्या पावसात एकदा पडली होती, रात्री साडेनऊला. आप्पांना फोन केला, या वेळी लगेच उचलला, म्हणे सगळे एमसीबी खाली कर अन् एक एक वर घे, कोणता घेतल्यावर पडते ते सांग. गच्चीच्या लाइटचा निघाला, होल्डरमध्ये पाणी गेलेलं. तो बंद ठेवला अन् बाकी घर चालू झालं, दुसऱ्या दिवशी होल्डर बदलला. आता पोळ्यानंतर ते पारोळ्याच्या शेतावर येणार आहेत, तिथे थ्री फेजची मोटर आहे, स्टार्टरची पेटी लोखंडी अन् तिला अर्थ नाही, भाऊ तिथे रोज रात्री ओल्या पायांनी जातो. तो अजून म्हणतोच की गरज नाही, पण तारीख मी घेऊन ठेवलीये.